खांबाचा आडोसा

अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या गच्चीवर उभं राहून त्याने पान्याचा शेवटचा पीळ दिला. तपासणीसाठी आणलेला वारामापक साइटच्या वारामापकाशेजारी, जाड खांबाच्या एकाच दांडीवर पक्का बसला. दोन्हींच्या वाट्या गरगरू लागल्या. हातातल्या यंत्रावर आकडे आले: सेकंदाला आठ मीटर, आणि दुसऱ्याचेही आठच. बारा झाले की भोंगा वाजायचा आणि क्रेन थांबायची.

“जुळलं का एकदाचं?” साइट इंजिनिअर केव्हाचा डोक्यावर बसला होता. “सकाळपासून क्रेन उभी आहे. आता काय मुहूर्त बघायचाय?”

“जुळलं. चालू द्या.”

वॉकीटॉकी खरखरला. क्रेनच्या केबिनमधून लेकीचा आवाज आला.

“बाबा, इथे आठ दिसतंय. बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे. उचल.”

काँक्रीटची तयार भिंत तारांना लटकून जमिनीवरून सुटली. लेक क्रेन चालवायला लागून वर्ष झालं होतं, तरी तिने ओझं उचललं की ते टेकेपर्यंत तो पुटपुटत आकडे मोजत राहायचा. लोक हसायचे. हसोत बापडे, त्यांच्या पोरी काही हवेत लटकत नव्हत्या. ही साइट त्याने मुद्दाम मागून घेतली होती. दुसऱ्या कुणी तपासलेला आकडा त्याला तिच्या केबिनमध्ये नको होता.

सामान आवरायला तो खांबापासून जरा बाजूला झाला आणि डोक्यावरची टोपी उडाली. नुसती उडाली नाही, कठडा ओलांडून गेली. आठच्या वाऱ्यात एवढा जोर? त्याने मागे पाहिलं. वाट्या निवांत फिरत होत्या. कठड्याला बांधलेलं प्लास्टिक मात्र फडफडत होतं, तेही सकाळच्या उलट्या दिशेला.

वारा फिरला होता. दांडी आता खांबाच्या आडोशाला गेली होती, आणि त्याने आपला वारामापकही शहाण्यासारखा तिथेच नेऊन बसवला होता. दोघं मिळून एकच खोटं सांगत होते, आणि ते खरं असल्याची ग्वाही त्याने स्वतः लेकीला दिली होती.

घाईत पाना दोनदा निसटला. आपला वारामापक सोडवून त्याने हात लांब करून तो आडोशाबाहेर धरला. अकरा. तेरा. चौदा.

वर भिंत गिरकी घेऊ लागली होती.

“खाली ठेव,” तो म्हणाला. वॉकीटॉकीचं बटण दाबायचं राहिलं होतं; ते दाबून पुन्हा म्हणाला, “बाळा, आकडा चुकलाय. हळू खाली ठेव.”

इंजिनिअर काहीतरी विचारत होता. ते त्याला ऐकू येत नव्हतं. भिंत इमारतीकडे झुकली तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती जमिनीवर टेकली होती आणि तारा सैल पडल्या होत्या.

लेक शिडी उतरून आली तेव्हा तो खाली उभा होता, हात खिशात खुपसून.

“केबिन काय हलत होती, विचारू नका,” ती हसत म्हणाली.

“मग थांबली का नाहीस? तुला कळलं नाही?”

“कळलं की. पण तुम्ही बरोबर आहे म्हणालात ना.” तिने हातमोजे काढले. “म्हटलं, मलाच उगीच भीती वाटतेय.”

त्याने खिशातले हात बाहेर काढले नाहीत.