मुकादम बसल्याशिवाय नाही

आमच्या दुकानातून मुकादम बसल्याशिवाय एकही खुर्ची बाहेर जात नाही. मुकादम म्हणजे आमचा बोका. वडील गेल्यापासून दुकान मी आणि माझा धाकटा भाऊ चालवतो. लाकूडकाम त्याचं, बैठका भरणं आणि शिवणं माझं, आणि दोघांच्या कामात खोडी काढणं मुकादमाचं. नवी बैठक तयार झाली की तो वर चढतो, पंजांनी दाबून बघतो, एकदा स्वतःभोवती फिरतो आणि बसतो. बसून डोळे मिटले तर माल पास. उतरून गेला तर मी मुकाट्याने कापड उसवते, कारण आत कुठेतरी गाठ नाहीतर पोकळी सापडतेच. गिऱ्हाइकांना याची गंमत वाटते. वाटू दे. आमची एकही बैठक आजवर परत आलेली नाही, आणि हे मी कोणाच्याही तोंडावर सांगते.

तो उठला की मागे छान खळगा राहायचा. त्यावर मी हाताने थोपटायचे आणि मगच खुर्ची गिऱ्हाइकाला द्यायचे.

मध्यंतरी हा खळगा पडेनासा झाला. मी फोमवाल्याच्या दुकानात जाऊन त्याला फैलावर घेतलं. "हा फोम आहे की फळी?" तो बिचारा शपथा घेऊन सांगत होता, "ताई, तुमच्या वडिलांना द्यायचो तोच माल आहे." मी गठ्ठा परत केला, दुसरा आणला, तोही तसाच निघाला. मग मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एके दिवशी मुकादम करवतीजवळ लुडबुडत होता म्हणून भावाने त्याला उचललं आणि तसाच उभा राहिला. म्हणाला, "ताई, जरा धर याला."

मी धरलं. एवढे दाट केस, आत हाताला नुसती हाडं लागत होती. 

"फोम बदललेला नाही," भाऊ म्हणाला.

मुकादमाचं खाणं तर उलट वाढलं होतं, त्यामुळे आम्हाला शंकाच आली नव्हती. फोमवाल्याची मी माफी मागितली असं भाऊ सगळ्यांना सांगतो. मी फक्त गठ्ठा परत घ्यायला गेले होते.

प्राण्यांची डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची. तिने काट्यावर ठेवून सांगितलं की गेल्या वर्षीच्या मानाने पाव हिस्सा वजन गेलंय. रक्त काढायला गळ्याखालचे केस भादरले, सुई टोचली. शेजारच्या खोलीत एक धिप्पाड कुत्रा नुसती नखं कापून घ्यायला रडत होता, आणि आमचा मुकादम हूं की चूं नाही. सुई निघाल्यावर त्याने तपासणीचं टेबल पंजांनी दाबून पाहिलं, एक फेरी मारली, बसला नाही आणि खाली उतरला. टेबल नापास. माझी मान अशी ताठ झाली की विचारू नका.

रक्ताचा रिपोर्ट आला. मूत्रपिंडं ठीक, साखर ठीक. पोटाची सोनोग्राफी केली, तिथेही काही नाही.

"सगळं चांगलं आहे तर बोका चाललाय कुठे?" मी विचारलं. आवाज चढला होता, मला कळत होतं.

डॉक्टर चिडली नाही. "काकू, थायरॉइडचा आकडा मर्यादेत आहे, पण अगदी काठावर. या वयाच्या मांजराचा तो खाली हवा. काही आठवडे जाऊ देऊ आणि पुन्हा बघू. तेव्हाही काही कळलं नाही तर भूल देऊन आतड्याचा तुकडा काढावा लागेल."

"भूल उतरेल ना?"

"याची तब्येत बघता खात्री देता येत नाही," ती म्हणाली, आणि तिने खोटा धीर दिला नाही म्हणून ती मला आवडली.

तिच्या खुर्चीचं रेक्झिन फाटलं होतं आणि एक स्प्रिंग वर आली होती. "ही दुकानात पाठवा," मी म्हटलं. वाट बघायची तर हाताला काम हवं.

ते आठवडे फार वाईट गेले. मुकादम खुर्च्यांवर चढेनासा झाला. लाकडाच्या भुशात बसून राहायचा. तयार खुर्च्या भिंतीशी रांगेत उभ्या. मी गिऱ्हाइकांना सांगायचे, मुकादम आजारी रजेवर आहेत.

"उचलून ठेव ना त्याला," भाऊ म्हणाला. "किती दिवस माल अडकवायचा?"

"उचलून ठेवलेला मुकादम म्हणजे मुकादम नव्हे. चढेल तेव्हा स्वतः चढेल."

"आणि नाही चढला तर?"

मी सुईत दोरा ओवायला घेतला. त्यालाही उत्तर नकोच होतं.

दुसऱ्या तपासणीत थायरॉइडच निघालं. भुलीची गरज उरली नाही. आजाराचं नाव ऐकून कोणी इतकं खूश झालेलं डॉक्टरने पाहिलं नसेल. गोळ्या सुरू झाल्या. मी जिंकले असं मला वाटायचं आणि मग गोळी सोफ्याच्या फटीत सापडायची. शेवटी कानाच्या आतल्या बाजूला चोळायचं मलम मिळालं. तो हळूहळू हिंडायला लागला, पुन्हा करवतीपाशी लुडबुडायला लागला. वजन वाढलं, पण थोडंसंच.

"पूर्वीसारखा नाही होणार तो," डॉक्टर म्हणाली. "आहे तेवढं टिकवू."

मी हो म्हटलं आणि दुकानात येऊन तिच्या खुर्चीच्या बैठकीत, वरच्या बाजूला, नरम फोमचा एक थर घातला. भावालाही बोलले नाही. मला तो खळगा बघायचा होता.

डॉक्टर खुर्ची न्यायला आली त्या दिवशी मुकादम भुशातून उठला. खुर्चीकडे बघत राहिला. मग आधी स्टुलावर चढला, तिथे दम घेतला, आणि तिथून खुर्चीवर. आम्ही तिघंही बघत उभे. त्याने दाबून पाहिलं, फिरला, बसला. बैठक त्याच्याखाली पूर्वीसारखी खोल गेली. 

आणि मुकादमाने डोळे मिटलेच नाहीत. तो उठला, उतरला आणि आमच्याकडे पाठ करून बसला.

डॉक्टर हसली. "नापास?"

 अंगावर मांस उरलं नव्हतं, उडी उरली नव्हती, पण माझी लबाडी त्याच्या पायांना कळली होती. मी शिवलं म्हणून सोडलं नाही पठ्ठ्याने.

"वरचा थर नरम झालाय," मी म्हटलं.

"मुद्दाम?" भावाने हळूच विचारलं.

"मुद्दाम."

डॉक्टरला फळीवर बसवलं आणि तिच्यादेखत कापड उसवलं. नरम थर काढून फेकला, फोमवाल्याचा तो बदनाम कडक फोम घातला आणि कापड पुन्हा ताणून ठोकलं. मुकादम सगळं होईपर्यंत ढिम्म हलला नाही. मग स्टूल, मग खुर्ची. दाबलं, फिरला, बसला. डोळे मिटले. डॉक्टरला दवाखान्यात परत जायचं होतं, तरी ती थांबली.

तो आपल्या मर्जीने उठला तेव्हा मी वाकून पाहिलं. खळगा पडलाच नव्हता. मी त्याच्या जागेवर हाताने थोपटलं आणि डॉक्टरला म्हटलं, "न्या. पास आहे."