झोपवलेलं ॲप

जावई फोनच्या कंपनीत होता, त्यामुळे घरात कुणाचाही फोन रुसला की सगळे त्याच्याकडे बघत. सासूबाईंच्या फोनची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही म्हटल्यावर त्याने तो हातात घेतला आणि मागे गुपचूप चालणारी ॲप्स एकेक करून झोपवली.

"फुकटे आहेत सगळे. काम ना धाम, नुसती बॅटरी खातात."

कित्येक दिवसांत उघडलं नाही ते ॲप मागे चालू द्यायचं नाही, हा नियम ऑफिसात त्यानेच हट्टाने मंजूर करून घेतला होता. बॅटरी खरंच टिकू लागली. सासूबाईंनी शेजारणींना कौतुकाने सांगितलं, आणि स्वारी शेफारली.

सासऱ्यांची वाचा पक्षाघाताच्या झटक्यात गेली होती. त्यांच्या मनगटावर एक बटण बांधलेलं होतं. दाबलं की सासूबाईंचा फोन बोंब ठोकायचा. ती बोंब ठोकणारं ॲप सासूबाईंनी कधी उघडलंच नव्हतं. उघडायची वेळच येत नसे, ते आपलं आपण चालायचं.

आज सकाळी सासरे न्हाणीघरात पडले. सासूबाई स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या, फोन शेजारीच होता. बराच वेळ झाला म्हणून बघायला गेल्या, तर ते ओल्या फरशीवर, खुबा मोडलेला.

दवाखान्याच्या बाकावर लेक आईवर बरसली. "फोन मांडीपाशी आणि ऐकू येत नाही? लक्ष कुठे असतं गं तुझं?"

"माझे कानच गेले बाई," सासूबाई म्हणाल्या. "ह्यांना आता एखाद्या शुश्रूषाकेंद्रात ठेवा. माझ्या भरवशावर नको."

जावयाला आपण झोपवलेली ॲप्स आठवली. "बघू फोन," म्हणून तो खिडकीपाशी गेला. झोपवलेल्यांमध्ये सासऱ्यांच्या बटणाचं ॲप होतंच. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तरीही पहिला विचार आला तो हाच, की आत्ता हळूच चालू केलं तर कुणाला पत्ता लागणार नाही. त्याने इकडेतिकडे पाहून बोट टेकवलं.

अडकून पडलेल्या हाका एकदम सुटल्या. फोन कर्कश्श ओरडू लागला.

"हे बोलावतायत!" सासूबाई उठून वॉर्डाकडे धावल्या. दाराशी पोचल्या, आत नर्स सासऱ्यांचा हात धरून बसलेली दिसली, तशा थबकल्या.

"आई," जावई म्हणाला. त्याला वर बघवेना. "तुमचे कान चांगले आहेत. हे सकाळचं वाजतंय. मी बंद करून ठेवलं होतं."

लेकीने आईकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. सासूबाई मात्र रागावल्या नाहीत. त्या फोनजवळ आल्या आणि कान देऊन ऐकत राहिल्या.

"एवढ्या वेळा बोलावलं त्यांनी मला?"

"हो," तो म्हणाला. फोन अजून वाजतच होता.