कठड्याबद्दलचा दुसरा फोन

मी एक जुना टेलिफोन आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी माझ्यासारखी तबकडी कधी बोटाने फिरवलीही नसेल. छिद्रात बोट घालायचे, आकडा ओढत आणायचा आणि सोडून द्यायचा. मग ती कुरकुरत माघारी जायची. कारखान्यात माझ्या पोटात घंटा बसवली तेव्हा तपासनीस म्हणाला होता, "आवाज खणखणीत आहे." माझ्याविषयीचा तो पहिला अभिप्राय.

तिथून मी एका सरकारी बांधकाम कार्यालयात आलो, एका अभियंत्याच्या टेबलावर. एका बाजूला फायलींचा ढीग, दुसऱ्या बाजूला खिडकी आणि तिच्या गजावर वाळत घातलेला त्यांचा रुमाल. हे कार्यालय ठेकेदारांकडून पूल, टाक्या आणि इमारती बांधून घेई. दुसऱ्या सरकारी कार्यालयाला त्याच ठेकेदाराला काम द्यायचे असले, की तिथले अधिकारी आधी आम्हाला फोन करून विचारत, "तुमच्याकडे याने काम कसे केले?"

बाकीच्या टेबलांवर उत्तर ठरलेले असे. "काम पूर्ण झाले." बस्स. वाईट बोलावे तर ठेकेदार कोर्टात खेचणार. चांगले बोलावे आणि त्याने पुढे माती खाल्ली, तर आपले नाव निघणार. आमचे साहेब मात्र म्हणत, "उद्या सांगतो." मग ते स्वतः जाऊन ते जुने काम पुन्हा पाहून येत. नव्या रंगात सगळेच देखणे दिसते, असे त्यांचे म्हणणे.

"काम द्यायचंय की मुलगी, साहेब?" हेडक्लार्क विचारत. साहेब हसत आणि छत्री उचलत.

एकदा एका पादचारी पुलाबद्दल विचारणा झाली. तो बांधणारा ठेकेदार वारला होता. त्याच्याच नावाने त्याची मुलगी धंदा चालवत होती. साहेब पूल पाहून आले. कठडा गंजला होता, हात लावला की पापुद्रे सुटत होते. त्यांनी फोनवर तसेच सांगितले. त्यात खोटे काहीच नव्हते.

काही दिवसांनी ती मुलगी आली.

"बसा," साहेब म्हणाले.

"नको. तिकडे आमचं नाव ठेकेदारांच्या यादीतून काढताहेत. आज संध्याकाळी निर्णय आहे. कठड्याला रंगाखाली गंज रोखणारा प्रायमर का नाही, हे तुम्ही कुणाला विचारलंत का?"

"का नाही?"

"बाबांना इथूनच निरोप गेला होता. उद्घाटन तोंडावर आलंय, प्रायमर वाळायला वेळ नाही, वरचा रंग मारून मोकळे व्हा. बाबा घरी येऊन नुसते धुसफुसत होते. ते असते तर तुमच्याशी भांडले असते. मला भांडता येत नाही."

साहेब हेडक्लार्ककडे वळले. हेडक्लार्क टाचणी शोधू लागले.

"निरोप कुणी दिला?"

"मीच, साहेब. तुम्ही रजेवर होतात. वरिष्ठांनी सांगितलं, मी फोन केला. ह्याच फोनवरून."

मला ते ठाऊक होते. पण मित्रांनो, फोनला कुणी विचारत नाही.

साहेबांनी रिसीव्हर उचलला. तेवढ्यात वरिष्ठ केबिनमधून बाहेर आले. "अहो, आपलीच चूक आपणच गावभर सांगायची? उद्या त्या कठड्याचं निस्तरणं आपल्या गळ्यात येईल. उत्तर दिलंत ना, झालं तर मग."

"अर्धंच दिलंय, सर."

त्या काळात माझा आवाज बसला होता. पलीकडे धड ऐकू जात नसे. त्यामुळे साहेबांना प्रत्येक वाक्य ओरडून सांगावे लागले. "दोष ठेकेदाराचा नाही! आमच्या कार्यालयाने प्रायमर मारू दिला नाही! हो, आमच्या! आमच्याच!" सगळे खाते माना वर करून ऐकत राहिले. हे लेखी द्याल का, असे पलीकडून विचारले. "देतो," साहेब म्हणाले, तेही ओरडूनच. वरिष्ठांनी केबिनचे दार लावून घेतले. सही केलेला कागद घेऊन ती मुलगी जवळजवळ पळतच गेली.

पुढे तिचा फोन आला.

"काम नाही मिळालं, साहेब. दुसऱ्याचा दर कमी निघाला."

"अरेरे."

"नाही हो. बाबांचं नाव शेवटपर्यंत यादीत होतं. मला तेवढंच हवं होतं."

  

साहेबांची त्या वर्षीची बढती दुसऱ्याला मिळाली. मग नियम आला, की अभिप्राय ठरावीक नमुन्यातच द्यायचा, चौकोनात खूण करून. 'समाधानकारक'च्या चौकोनात खूण केली, की कुणाला उठून कुठे जावे लागत नाही. साहेब निवृत्त झाले. मला अडगळीच्या खोलीत, पाय मोडलेल्या खुर्चीवर ठेवले. माझी वायर कुणीतरी कापून नेली. मुंग्यांनी माझ्या घंटेजवळ घर केले आहे. त्यांचे बरे चालले आहे.

मित्रांनो, कधी या खोलीत आलात तर माझ्यावरून एकदा फडके फिरवा. आणि एक ऐका. फोनवर दोघे बोलतात, पण बोलणे बहुधा तिसऱ्या माणसाबद्दल असते आणि तो तिथे नसतो. कधी कधी तो कुठेच नसतो. त्याच्याबद्दल कुणी विचारले तर आधी स्वतः जाऊन पाहा. जे दिसेल ते तसे का झाले, हेही विचारा. आणि चुकीचे बोलून गेलात असे कळले, तर पुन्हा फोन करा. आता काय उपयोग असे वाटले, तरी करा.