जांभळी चौकट

नवा कॅमेरा खांद्यावर चढला आणि कपिलचे पाय जमिनीवर राहिनात. पांढरकवड्यात असा कॅमेरा दुसऱ्या कोणाकडे नाही, हे तो दिसेल त्याला सांगत सुटला होता. पहिलंच काम शेजारच्या भागीरथाकाकूंच्या राखीचं लग्न. सकाळीच त्याने काकूंना छोट्या पडद्यावर गंमत दाखवली. "हा चेहरे ओळखते काकू. कोणाच्याबी तोंडाभोवती पांढरी चौकट येते. पण ज्याचा फोटो आधी भरला, त्याच्याभोवती जांभळी."

काकूंनी लगेच नवऱ्याचा फोटो पुढे केला. मारोतराव तीन वर्षांमागे ट्रक घेऊन हैदराबादकडे गेले, ते गेलेच. ना फोन, ना ट्रकचा पत्ता. "हा भर. पोरीच्या लग्नाले ते येतेच."

कपिलने भरला. वर फुशारकी मारली, "जांभळी चौकट दिसली की समजा, काका आले!"

कन्यादानाला दोन पाट मांडले. मामा-मामी बसायला तयार होते, पण काकू हटून बसल्या. एक पाट माझा, दुसरा त्यांचा. भटजींनी कपाळावर हात मारून घेतला.

कपिलने कॅमेरा फिरवला. राखीभोवती पांढरी चौकट, नवरदेवाभोवती पांढरी, काकूंभोवती पांढरी. रिकाम्या पाटावर जांभळी.

बसलेल्या माणसाचं तोंड येईल, नेमकी तेवढ्या उंचीवर.  कपिलने कॅमेरा बंद केला, चालू केला, जागा बदलली. चौकट होती तिथेच. राखीच्या हातावर पाणी सोडलं तेव्हा मात्र चौकट जराशी पुढे वाकली.

पंगती बसल्यावर काकू आल्या. "दाखव बरं."

"काकू, कॅमेरा नवा आहे. चुकते कधी कधी." खोटं बोलताना त्याची जीभ अडखळली.

काकूंनी पडदा स्वतःकडे वळवून बराच वेळ पाहिलं. "बाजूले गार लागून राह्यलं होतं मले," त्या म्हणाल्या. मग हळूच, "राखी निघून जाऊ दे. तोवर कोणाले सांगू नको."

दुपारी राखीची गाडी हायवेला लागली. धूळ बसेपर्यंत काकू हात हलवत राहिल्या. मग कॅमेऱ्याकडे वळल्या आणि पदराने कपाळावरचं कुंकू पुसलं. कपिलला रडू आवरेना, पण कॅमेरा खाली घ्यायचंही सुचेना. कुंकू पुसून होईपर्यंत काकूंच्या शेजारी जांभळी चौकट उभी होती. मग पडद्यावर एकच उरली, पांढरी.