हार्लनची फुली

वर्ना स्टोल्टझ पन्नास वर्षं राष्ट्राध्यक्षपदासाठी नवरा, हार्लन, सांगेल त्यालाच मत देत आली होती. पूर्वी त्यात वेगळं काही नव्हतंच, कारण लूथरन चर्चच्या तळघरातल्या त्या मतदान केंद्रावर रिपब्लिकन सोडून दुसऱ्याला मत देणं म्हणजे पंचक्रोशीत हसं करून घेणं. मग कॉलेज वाढत गेलं, मक्याच्या शेतांवर विद्यार्थ्यांच्या इमारती उठल्या आणि दर निवडणुकीला रिपब्लिकन मतं गळत गेली. गेल्या खेपेला उरली अवघी दोन. ती कुणाची, हे सगळ्या काउंटीला ठाऊक होतं.

यंदाच्या वसंतात हार्लन गेला. शेवटी शेवटी तिचा हात धरून म्हणाला होता, "आपल्या केंद्रावर आपल्या पक्षाचं खातं कोरं राहू देऊ नकोस." ती हो म्हणाली. पण आता, एकदा तरी, तिला स्वतःच्या मनासारखं मत द्यायचं होतं.

मतदानाच्या दिवशी आडोशाला उभं राहून तिनं डेमोक्रॅट उमेदवारापुढचं वर्तुळ नीट काळं केलं. मतपत्रिका मोजणीच्या यंत्रात सरकवली, तर यंत्रानं ती परत ढकलली.

"एका पदाला दोन खुणा झाल्यात, वर्ना," टेबलामागून आर्डिस म्हणाली. शेजारीणच ती, दर निवडणुकीला त्या टेबलाशी असायची. "असू दे, दुसरी घे. तुझा हार्लन तर कायम वर्तुळ सोडून फुलीच मारायचा. किती कागद नासले मेल्यानं आमचे!"

वर्नानं हातातली मतपत्रिका पाहिली. रिपब्लिकन नावापुढे फुली होती, एक पाय लांब ओढलेली. इतक्या वर्षांची हाताची सवय, दुसरं काय, असं तिनं मनाला समजावलं, पण फुलीचा असा पाय ओढायचा फक्त हार्लन. दुसरी मतपत्रिकाही परत आली.

"ही शेवटची हं," आर्डिस हळूच म्हणाली. "चौथी देता येत नाही गं मला."

या वेळी तिनं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं. पेन त्या रिपब्लिकन नावाकडे ओढ घेत होतं, हट्टी वासरासारखं. वर्ना भीती विसरून चिडली.

"आयुष्यभर ऐकलं ना तुझं," ती पुटपुटली, "आता पुरे."

हात एकदम सैल पडला. मतपत्रिका यंत्रानं मुकाट गिळली.

मतदान संपल्यावर आर्डिसनं निकाल वाचला. रिपब्लिकन, शून्य. विद्यार्थ्यांनी टाळ्या पिटल्या, वर्नाही त्यांच्यात हसली आणि किती तरी दिवसांनी गाणं गुणगुणत गाडी चालवत घरी आली.

घर काळोखात होतं. निघताना तिनं सगळे दिवे लावून ठेवले होते, आणि शेजारच्या इमारतींत तर उजेड होता. हार्लन रागावला की कधी आवाज चढवायचा नाही. घरातले दिवे मालवून स्वयंपाकघरात बसून राहायचा, ती माफी मागेपर्यंत.

वर्ना पायरीशी थांबली. या वेळी माफी मागायची नाही, असं तिनं अगदी ठरवलं होतं, पण तोंडातून ते शब्द आपसूक बाहेर पडले.

"चुकलं माझं."

स्वयंपाकघरातला दिवा लागला.