बिनगाडीचे तीन दिवस

"रविवारी सकाळी गणपतीपुळ्यातून जयगडला एसटी आहे ना?" दत्तात्रेयांनी रत्नागिरी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत तोंड घालून विचारलं.

"आहे. पण काका, रविवारी तिचा भरवसा नाय हां. ड्रायव्हर कमी पडला की पहिली तीच रद्द."

"यायला हवी हो. नातीला बोट दाखवायचीय."

खिडकीतला माणूस हसला. गेल्या पंधरा दिवसांत हे गृहस्थ चौथ्यांदा आले होते. सव्वीस जानेवारीला जोडून तीन दिवसांची सुट्टी. शनिवारी गणपतीपुळे, तिथेच मुक्काम, रविवारी जयगड, तिथून बोटीनं खाडीपलीकडे आणि परत. सगळं एसटीनं.

घरी कुसुमताई वैतागल्या होत्या. "तीन वर्षांनी लेकरू येतंय, आणि तुम्ही तिला स्टँडांवर बसवून ठेवणार. एखादी गाडी सांगितली तर काय होईल?"

"मी कुणाला गाडीत बसवणार नाही," दत्तात्रेय म्हणाले.

तीन वर्षांपूर्वी चिपळूणहून लग्न आटोपून बापलेक येत होते. गाडी दत्तात्रेय चालवत होते. देवदत्तला डुलकी लागली होती. निवळीच्या घाटात म्हैस आडवी आली. दत्तात्रेयांनी गाडी डावीकडे घातली. डावीकडे झाड होतं, आणि डावीकडेच देवदत्त बसला होता. देवदत्त जागीच गेला. दत्तात्रेयांच्या कपाळाला पाच टाके पडले, बस्स. त्यांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. पाटबंधारे खात्यातली शेवटची दोन वर्षं ते घरून चालत ऑफिसला गेले, चालत परत आले.

सून मनस्विनी नातीला घेऊन शुक्रवारी ठाण्याहून रेल्वेनं यायची होती. दत्तात्रेय स्टेशनवर निघायला चपला घालत होते, तेवढ्यात फाटकापाशी एक छोटी पांढरी गाडी थांबली. चालवणाऱ्या बाजूनं मनस्विनी उतरली. मागच्या दारातून सात वर्षांची आर्या उडी मारून बाहेर आली.

"रिझर्व्हेशन कन्फर्म झालं नाही, बाबा. म्हणून..."

दत्तात्रेय पायरीवरून हलले नाहीत. "ही कुणाची?"

"माझीच. जुनी घेतलीय. सहा महिने झाले."

"पोरीला घेऊन एकटी चालवत आलीस? इतक्या लांब? तुला काही वाटलं नाही?"

आर्या आजीला बिलगली. मनस्विनीनं किल्ली पर्समध्ये टाकली. "वाटलं. प्रत्येक वळणावर वाटलं." मग म्हणाली, "गाडी राहू दे इथे. तुम्ही ठरवलंय तसंच जाऊ."

शनिवार चांगला गेला. आर्याला खिडकी मिळाली. वाऱ्यानं तिच्या केसांचा गुंता झाला आणि समुद्र दिसल्यावर ती एवढ्यानं ओरडली, की कंडक्टरही हसला. दत्तात्रेयांनी तिला वाळूत बोट धरून फिरवलं. पण रात्री जेवताना ती सहज म्हणाली, "आजोबा, तुम्ही आमच्याकडे कधीच का येत नाही?" आणि त्यांचा घास हातातच राहिला.

रविवारी जयगडची एसटी आली नाही. साडेआठपासून चौघं थांब्यावर उभी होती. समोरून पर्यटकांच्या गाड्या एकामागून एक जात होत्या. "येईल हो, येईल," दत्तात्रेय दर दहा मिनिटांनी म्हणत. अकरा वाजता उन्हानं आर्याला उलटी झाली. ती पांढरीफटक पडून आईच्या मांडीवर आडवी झाली. कुसुमताई पदरानं तिला वारा घालत राहिल्या; दत्तात्रेयांकडे त्यांनी बघितलं नाही. शेवटी रत्नागिरीकडे जाणारी खच्चून भरलेली बस मिळाली. एका कोळणीनं आपली जागा पोरीला दिली; बाकीची उभ्यानं आली.

सोमवारी सकाळी आर्या खडखडीत बरी होऊन अंगणात खेळत होती. दत्तात्रेय पडवीत बसून होते. मनस्विनी चहा घेऊन शेजारी येऊन बसली.

"बाबा, मी हौसेनं नाही गाडी शिकले. आर्या शाळेत पडली, हात मोडला. मी तिला घेऊन अर्धा तास रस्त्यावर रिक्षाला हात करत होते. दुसऱ्या दिवशी क्लास लावला."

"मला कळवलं नाहीस."

"तुम्ही फोनवर यायचात कुठे? आईंच्या हातात द्यायचात."

ते खरं होतं. सुनेशी काय बोलावं ते त्यांना तीन वर्षांत सुचलं नव्हतं. आता मात्र त्यांचा आवाज आपोआप फुटला. "म्हैस दिसली आणि मी डावीकडे घातली गं. त्याच्या अंगावर घातली. उजवीकडे घेतली असती तर..."

"उजवीकडे समोरून ट्रक येत होता. पंचनाम्यात आहे. मी वाचलाय."

दत्तात्रेयांनी तो कागद कधी हातात धरला नव्हता. 'हो, ट्रकमुळेच डावीकडे घातली' असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण सुनेशी खोटं बोलवेना.

"मला ट्रक दिसला नव्हता, मनस्विनी."

अंगणात आर्या कोंबडीमागे धावत होती.

"नसेल दिसला," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता. "पण होता." चहाचे कप उचलून ती उठली. "जयगड राहिलंय. आज जाऊ, परतीसाठी मी उद्याची रजा घेतलीय. तुम्हाला नसेल यायचं, तर आम्ही तिघी जाऊन येतो."

कुसुमताई आणि आर्या गाडीत मागे बसल्या. पुढचं डावीकडचं दार उघडं होतं. दत्तात्रेय फाटकाशी उभे होते. मनस्विनीनं हाक मारली नाही, इंजिनही सुरू केलं नाही. शेवटी ते आले, वाकले आणि देवदत्त बसला होता त्या बाजूला बसले. पट्टा त्यांना लागेना. तिनं ओणवं होऊन तो लावून दिला.

आरे-वारेच्या उतारावर समुद्र एकदम समोर आला. "आजोबा, बघा!" आर्या ओरडली. आजोबा रस्त्याकडेच बघत होते. दर वळणाला त्यांचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर, जिथे काहीच नव्हतं तिथे, घट्ट दाबला जात होता.

मनस्विनीला ते दिसलं. "हळू घेऊ का, बाबा?"

"नको," ते म्हणाले. "तू बरोबर चालवतेयस."

पुढच्या वळणाला त्यांनी पाय पुन्हा दाबला.