पाठीला लागलेली माती

भरमू एका कुशीवर पडला होता आणि गुंडाप्पा त्याच्या पायांना वळसा घालून छातीवर यायला बघत होता. डावीकडून आला की भरमूचा गुडघा आडवा, उजवीकडून आला की टाच पोटात. निपाणीकडच्या त्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जमलेल्या बहुतेकांना भरमूचीच पाठ मातीला लागलेली बघायची होती.

"घोरपड हाय नुसती. उठून लढ की रं," म्हणत कुणीतरी ढेकूळ भिरकावलं.

भरमूची कुस्ती लोकांना कधी आवडलीच नाही. खाली पडून दम काढायचा आणि वरचा उतावीळ झाला की त्याचा हात धरायचा, एवढंच त्याचं भांडवल. पण त्याच्यावरच तो गावच्या तालमीचा वस्ताद झाला होता. मिठाच्या सत्याग्रहाच्या साली आण्णासाहेब पाटलांच्या मनात आलं की वस्ताद आपला पुतण्या गुंडाप्पा व्हावा. उघड हाकलणं बरं दिसलं नसतं, म्हणून कुस्ती लावली. जिंकेल त्याची तालीम. आणि पंच कोण, तर स्वतः पाटील! कुंपणानेच शेत खायचं म्हटल्यावर राखणार कोण?

शेवटी गुंडाप्पा उतावीळ झालाच. लंगोटाच्या लांगेला हात घालायला तो वाकला, तेवढ्यात भरमूने त्याचं मनगट काखेत दाबलं, पाय खांद्यावरून टाकला आणि कोपर उलटं ताणलं.

"हरलो, वस्ताद. सोडा," गुंडाप्पा कळवळला.

भरमूने पाटलांकडे पाहिलं.

"तोंडानं हरल्यालं चालत न्हाय," पाटील म्हणाले. "पाठ लागाय पायजे."

गेल्या जत्रेपर्यंत चालत होतं. आता हात सोडला तर तालीम गेली, आणि पाठ लागेपर्यंत धरून ठेवला तर कोपर मोडणार. गुंडाप्पाला लंगोट कसायला भरमूनेच शिकवलं होतं. त्याने पाटलांना मनातल्या मनात सात पिढ्यांच्या शिव्या घातल्या आणि पकड सोडली. गुंडाप्पा गोंधळून तसाच बसून राहिला. पाटील दरडावले तेव्हा त्याने खाली मान घालून, एका हाताने, अंग सैल सोडलेल्या भरमूला उताणा केला.

हलगी कडाडली, टोप्या उडाल्या. फेटा बांधून घेताना गुंडाप्पाचा उजवा हात लोंबतच होता. भरमू निघाला तसा तो मागे धावला आणि डाव्या हाताने वस्तादाच्या पाठीवरची माती पुसायला लागला.

"हात लावू नगंस," भरमू म्हणाला. "दिसू दे गावाला."

आणि सदरा हातात धरून तो भर बाजारातून उघड्या पाठीने घरी गेला.